पारूचं लगीन तेवढं राह्यलंय

बोईसरहून चिल्हारच्या बाजूला निघालं की कंपन्यांची धुराडी मागे पडतात, नागझरी येतं, आणि त्याच्याही पुढे डांबरी सोडून आत वळलं की करंजपाडा लागतो. पाड्यात घरं सदतीस आणि त्यांतल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस एकाच दिवशी, एक जूनला. शाळेत नाव घालताना ज्या पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागला त्याला गुरुजींनी सहा वर्षांचा धरला आणि एक जून लिहून मोकळे झाले. ज्या बायका शाळेत गेल्याच नाहीत त्यांना आधार कार्डवाल्याने एक जानेवारी वाटली. पारूच्या वाट्याला अशीच एक जानेवारी आली आहे आणि कार्डाप्रमाणे ती पंचावन्न वर्षांची आहे. तिची आई सांगायची, तू झालीस तेव्हा नागली कापत होते. नागली काही जानेवारीत कापत नाहीत, पण आधारवाल्याला ते कोण सांगणार.

ही पारू बोईसरच्या बाजारात आठवड्यातून तीन दिवस भाजी घेऊन बसते. वजनकाटा ठेवत नाही, वाटे लावते. वाटा लहान आहे असं कुणी म्हटलं की त्यातलं एक वांगं उचलून टोपलीत टाकते आणि म्हणते, "आता झाला लहान. मगाशी चांगला मोठा होता." गिऱ्हाईक तरीही तिच्याकडेच येतं, कारण भाजी सकाळची असते आणि बोलणं फुकट मिळतं. समिधाही अशीच येऊ लागली आणि टिकली.

समिधा चिंचणीची, चिकूची वाडी असलेल्या घरातली, पालघरच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकणारी. बँकेची परीक्षा दे म्हणून घरच्यांनी डोकं खाल्लं तरी ही पोरगी माणसांची मनं शिकायला निघाली, याचं पारूला कौतुक होतं आणि थोडी काळजीही. एके दिवशी समिधा शेवग्याच्या शेंगांसमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "मावशी, मला तुमची मुलाखत हवीय. दोन तास लागतील."

"दोन तास माझं बोलणं आयकशील?"

"हो. अभ्यासच आहे माझा तो."

"मग रविवारी ये. जेवूनच जा. आन चप्पल जाड घाल, आमचा रस्ता बरा नाय."

रविवारी समिधा आली ती हातात टॅब घेऊन. अंगणात झिपरू टोपली विणत बसला होता. झिपरू हा पारूचा घरधनी. बोईसरच्या एका कंपनीत बावीस वर्षं बागेचं काम करतो आणि येत्या एक जूनला अठ्ठावन्न पुरी करून निवृत्त होणार आहे. दिवसभराचे शब्द हा कंपनीतच संपवून येतो, असं पारू म्हणते. खरी गोष्ट अशी की तो कंपनीतही बोलत नाही. झाडांशी बोलत असेल तर कोण जाणे.

समिधाने आधी आपल्या अभ्यासाची ओळख करून दिली. परदेशातल्या एका मोठ्या अभ्यासकाने माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे पाडलेत. प्रत्येक टप्प्यात माणसापुढे एक गाठ असते. रडलं की कुणीतरी येतं, एवढा भरवसा तान्ह्या बाळाला वाटला पाहिजे. मग आपलं आपण करायचा हट्ट, मग स्वतःहून काही सुरू करायची उमेद, मग कामाची गोडी, मग मी कोण हा प्रश्न, त्यानंतर जोडीदार, त्यानंतर पुढच्या पिढीसाठी काही करणं, आणि शेवटी मागे वळून बघताना वाटणारं समाधान. हे टप्पे आपल्याकडच्या माणसांच्या आयुष्यात याच क्रमाने येतात का, ते समिधाला पाहायचं होतं. तिने टॅबवर आठ रंगीत चौकोन दाखवले. प्रत्येकाखाली वय लिहिलेलं होतं.

पारूने चौकोन नीट पाहून घेतले. "आन एखादी गाठ सुटलीच नाय तर?"

"तर ती पुढच्या टप्प्यांत त्रास देत राहते म्हणतात."

"मागं जाऊन सोडवता येती का?"

"येते, असं आता बरेच जण म्हणतात," समिधा म्हणाली. पारूने मान हलवली आणि जरा सरसावून बसली.

मग पारू बोलू लागली आणि समिधाच्या चौकोनांची पार दैना झाली. वयाचं विचारलं की पारू हाताचं सांगे. आमच्यात वर्षं मोजत नाहीत, हाताला काय येतं ते बघतात, हे तिचं म्हणणं. शेण गोळा करण्याइतके हात झाले तेव्हा ती गाई वळायला गेली. चिखलात सरळ रांग धरून रोप लावता यायला लागलं तेव्हा बायकांनी तिला मोठी म्हटलं. नागलीची भाकर फाटू न देता तव्यावर टाकता आली त्या वर्षी झिपरूकडून मागणी आली. वीटभट्टीवर हातांची सालं गेली, सपना झाली, नीलेश झाला, आणि अक्षरं तर ती शिकली नीलेश चौथीत असताना, त्याच्याच पाटीवर. शाळेच्या वयाच्या चौकोनात समिधाला काही भरता येईना आणि आईपणाच्या चौकोनात शाळा येऊन बसली.

"बरं, लग्न कधी झालं तुमचं?" समिधाने विचारलं.

"नाय झालं."

"म्हणजे?"

"म्हंजे राह्यलंय. होनार हाय."

समिधाने झिपरूकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या फोटोतल्या दोन पोरांकडे आणि एका नातीकडे पाहिलं.

आता हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या भुवया वर गेल्या असतील तर त्यांनी त्या खाली घ्याव्यात. पाड्यावर ही रीत जुनी आहे. पोरगा-पोरगी एकमेकांना पसंत पडली, दोन्ही घरांनी होकार दिला, की पोरगी नांदायला येते आणि संसार सुरू होतो. मांडव, हळद, गावजेवण हे सवडीने. ती सवड कधी वर्षाने मिळते, कधी वीस वर्षांनी. त्यावरून कुणी नावं ठेवत नाही. फक्त पोराचा मांडव उभा राहायच्या आधी आईबापाचं लगीन लागलेलं असावं लागतं, म्हणून पुष्कळ जण पोराच्याच मांडवात सकाळी आपलं आणि दुपारी पोराचं असं एका दमात उरकून घेतात. पारू-झिपरूचं ठरलं त्या वर्षी सासरा गेला, पुढल्या वर्षी सपना पोटात होती, मग चार वर्षं भट्टीवर गेली, आणि मग ठरवायचंच राहून गेलं.

टॅबला यातलं काही ठाऊक नव्हतं. समिधाने "अविवाहित" निवडलं तर तो मुलांची संख्या भरू देईना. "विवाहित" निवडलं तर लग्नाचं साल मागू लागला. समिधा म्हणाली, अंदाजाने एक साल टाकूया. पारू म्हणाली, खोटं लिवू नको, आधीच जन्म खोटा लिवलाय. शेवटी समिधाने टॅब पालथा ठेवला, पिशवीतून वही काढली आणि हाताने लिहू लागली. पारूला त्यानंतर जास्त मोकळं वाटलं.

सगळ्यात शेवटचा प्रश्न होता, आयुष्यात करायचं काय राहून गेलं असं वाटतं. समिधाला वाटलं होतं मावशी म्हणतील, घर पक्कं करायचं, नाहीतर कुठे देवाला जायचं.

"चौक लिवायचा राह्यला," पारू म्हणाली.

चौक म्हणजे लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात ती मोठी चौकट. मध्ये पालघाट देवी, भोवती वेलीसारखी नक्षी, बाहेर ताडाची झाडं, नाचणारी माणसं आणि घोड्यावर बसलेली नवरा-नवरी. पाड्यावर त्याला काढणं म्हणत नाहीत, लिहिणं म्हणतात. तो लिहायचा मान सवाशिणींचा, म्हणजे जिचं लगीन मांडवात लागलेलं आहे आणि नवरा जिवंत आहे तिचा. पारूचं लगीन लागलेलं नव्हतं. त्यामुळे पस्तीस वर्षं लग्नघरी तिला बोलावणं यायचं ते तांदूळ वाटायला. ती पाट्यावर इतकं मऊ वाटायची की बाकीच्या बायका मुद्दाम तिलाच बोलवायच्या, आणि वाटून झालं की ती मागे उभी राहून बघायची. कुणाची रेघ वाकडी गेली, कुणी ताडाला पानं कमी काढली, सगळं तिला दिसायचं आणि काहीच बोलता यायचं नाही.

"मग तुम्हाला येतो का तो?" समिधाने विचारलं.

"रोज लिवते," पारू म्हणाली. "चुलीपुढं राख पसरते आन बोटानं लिवते. झाला की पुसते. पस्तीस वरसं झाली."

झिपरूचे विणते हात थांबले. "ती राख तू वरबाडतेस?" त्याने विचारलं. "मला वाटायचं कोंबड्या."

"कोंबड्या घोडा काढतात व्हय?"

"मी काय वाकून बघितलं नाय," झिपरू म्हणाला. एवढ्या वर्षांत त्याने त्या कारणाने किती कोंबड्यांना शिव्या दिल्या असतील याची मोजदाद नाही. समिधा पोट धरून हसली, पारूही हसली, पण झिपरू हसला नाही. तो बांबूचं एकच कांबट कितीतरी वेळ फिरवत बसला.

समिधा गेली आणि खरा विषय त्यानंतर निघाला. नीलेशचं लगीन होळीनंतरच्या गुरुवारी ठरलं होतं, मनोरच्या बाजूच्या प्रियंकाशी. झिपरूच्या मनात आपलं लगीन त्याच दिवशी सकाळी उरकून घ्यायचं होतं. पारूनेही आजवर त्याला मान डोलावली होती. पण चौक लिहितात आदल्या दिवशी. गुरुवारी सकाळी पारूचं लगीन लागणार, तर बुधवारी ती सवाशीण नव्हे. तिच्या पोटच्या पोराचा चौक तिच्या डोळ्यांसमोर दुसऱ्या बायका लिहिणार आणि ती मागे पाट्याजवळ बसणार. सपना मांडवाशिवायच नांदायला गेली होती, तिचा मांडव पडेल तो सासरी; म्हणून नीलेशच शेवटचा. याच्यानंतर या घरात चौक लागायचा तो नातवंडांच्या लग्नात, आणि तोवर हात चालतील की नाही कुणास ठाऊक.

दोघं नवसी आजीकडे गेली. पाड्यावर लग्न लावायला भटजी नसतो, धवलेरी असते, आणि करंजपाड्याची धवलेरी म्हणजे नवसी आजी. ती गाणी म्हणून लग्न लावते आणि रीत मोडणाऱ्याला तिच्याच गाण्यात घालून झोडते. तिने ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि सांगितलं, "आधल्या दिशी तू कोन? कोन नाय. पारू, तुजा हात चांगला आसंल, पन रीत हातासाटी नाय थांबत. तुला लिवायचं हाय ना? मग सोमवारी लगीन कर. सोमवारी हळद-मांडव, बुधवारी चौक, गुरवारी पोराचं. मी सोमवारी मोकळी हाय."

बाहेर आल्यावर झिपरू म्हणाला, "सोमवार जमायचा नाय."

"का?"

त्याने सांगितलं ते असं. बावीस वर्षांपूर्वी कंपनीत लागताना त्याने कागदावर विवाहित लिहिलं होतं, बायकोचं नाव पारू. आता सोमवारची वेगळी रजा मागायची तर मार्चमध्ये कारण लिहिल्याशिवाय मिळत नाही. स्वतःचं लग्न लिहिलं तर साहेब म्हणतील, म्हणजे इतकी वर्षं खोटं लिहून ठेवलंस. दोन-अडीच महिन्यांनी सुटायचं, तेव्हा शेवटाला लफडं नको. शिवाय लोक हसतील ते वेगळंच. नीलेशच्या लग्नाच्या रजेत आपलंही उरकलं तर कुणाला कळणारही नाही.

"दुसरं कारन लिव," पारू म्हणाली.

"काय लिवू? मला खोटं सुचत नाय." हे मात्र खरं होतं.

पारू भांडली नाही. ती एवढंच म्हणाली, "मला साडी नको. डीजे नको. ती एक भिंत पायजे होती." आणि पुढे चालू लागली. तिला वाईट वाटलं होतं आणि ते लपवायचा तिने काही प्रयत्न केला नाही.

घरात नीलेशला ही कुणकुण लागली. हा बोईसरच्या दुसऱ्या एका कंपनीत इलेक्ट्रिशियन आहे आणि कुठल्याही अडचणीवर बाजारात वस्तू मिळते यावर त्याचा दांडगा विश्वास आहे. तो दुसऱ्या दिवशी मोबाइलवर फोटो घेऊन आला. "आई, बोईसरला चौकाचं फ्लेक्स मारून देतात. सहा बाय चार. पुसायची भानगड नाय, वाकडी रेघ नाय."

पारू काही बोलायच्या आत दारातून नवसी आजीचा आवाज आला. ती हळदीचं विचारायला आली होती. "पालघाट काय इलेक्शनला उभी हाय व्हय रं, फ्लेक्सवर बसायला?" नीलेशने मोबाइल खिशात घातला तो त्या दिवशी परत काढला नाही.

पुढचे आठ दिवस घरात सगळं ठाकठीक चाललं होतं. पारू भाजी घेऊन बाजारात जात होती, मांडवासाठी उंबराच्या फांद्या कुठून आणायच्या ते ठरवत होती. झिपरू पहाटे उठायचा, चुलीपुढे चहाला बसायचा. आता तो वाकून बघू लागला होता. पहिल्या दिवशी राख सपाट होती. दुसऱ्या दिवशी सपाट. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "लिवत नायस?" पारू म्हणाली, "कटाळा आला." पारूला कंटाळा आलेला झिपरूने पस्तीस वर्षांत पाहिला नव्हता. तापातसुद्धा नाही. नवव्या दिवशी तो चहा अर्धा ठेवून कामावर गेला.

त्या दिवशी कंपनीत काय झालं ते पारूला संध्याकाळी नीलेशकडून कळलं, आणि नीलेशला चहाच्या टपरीवर, कारण तोपर्यंत अर्ध्या बोईसरला कळलं होतं. झिपरूने टाइम ऑफिसात जाऊन रजेचा अर्ज दिला. कारण: स्वतःचे लग्न. तिथला दिनानाथ मूळचा बलियाचा, झिपरूला चाचा म्हणणारा. त्याने अर्ज दोनदा वाचला.

"चाचा, दूसरी?"

"नहीं साब. पहलीच."

"पर रजिस्टर में तो आप शादीशुदा हैं."

"वो तो हैं," झिपरू म्हणाला. "बस शादी बाकी है."

दिनानाथ खुर्चीत मागे रेलून हसला, मग त्याने झिपरूचा चेहरा पाहिला आणि सरळ बसला. झिपरूने हळूहळू सगळं सांगितलं, रीत, पोराचं लगीन, चौक, राख, कोंबड्या. बावीस वर्षांत तो टाइम ऑफिसात जेवढं बोलला नव्हता तेवढं त्या दहा मिनिटांत बोलला. दिनानाथ म्हणाला, रजिस्टरमध्ये काही खोटं नाही, घर चालतंय, पोरं आहेत, नॉमिनी तीच आहे, कुणी काही विचारणार नाही. तरी लोकांनी उगाच चेष्टा करू नये म्हणून मी कारण "घरेलू काम" टाकतो. त्याने पेन उचललंही होतं. तेव्हा झिपरूने अर्जावर हात ठेवला.

"नको साब. लगीन लिवा."

हे ऐकून पारू चुलीपुढून उठली, परसात गेली आणि तिथे काही काम नसताना बराच वेळ उभी राहिली. तिला रडू येत होतं आणि हसूही. झिपरू घरी आला तेव्हा तिने त्याला भाकर वाढली आणि विचारलं, "रजा मिळाली?"

"मिळाली."

"हसले का?"

"हसले. मग येतो म्हनाले."

सोमवारी करंजपाड्यात पारूचं लगीन झालं. चिल्हार रस्त्याच्या दोन्ही अंगाला बातमी पोचली होती, म्हणून ज्यांना बोलावलं नव्हतं तेही आले. कंपनीतून दिनानाथ आणि सात जण आले. त्यांनी आणलेला गुच्छ झिपरूने हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "ही शेवंती माझ्या वाफ्यातली." दिनानाथने ते ऐकू न आल्यासारखं केलं. सपनाची पोरगी आजीला हळद लावून झाल्यावर म्हणाली, आता तू नवऱ्याच्या घरी जाणार का? पारू म्हणाली, जाणार, पन भांडी घासून.

समिधा चिंचणीहून आली होती, सोबत घरचे दोन डझन नारळ घेऊन. तिच्या सरांनी पारूची मुलाखत वाचून अशी वेगळी माणसं अभ्यासातून वगळ असं सुचवलं होतं. समिधाने डोंगराकडच्या तिच्या चाळीस मुलाखती पुन्हा चाळल्या तर अकरा जणांची लग्नं पोरांनंतर झालेली निघाली. अकरा वगळायचे म्हणजे अभ्यास कुणाचा करायचा, असं तिने सरांना विचारलं, आणि सरांनीच मग वयाचा रकाना काढून टाकायला परवानगी दिली. ती हे हळद लागलेल्या पारूला सांगत होती आणि पारूचं तिकडे अर्धंच लक्ष होतं. कारण समोरच्या भिंतीवर आदल्या दिवशी दुसऱ्या बायकांनी लिहिलेला तिच्या लग्नाचा चौक होता, आणि त्यातला घोडा लंगडत होता. मागचा एक पाय चक्क आखूड होता. पारूने दोनदा तोंड उघडलं.

"नवरीनं खाली बघायचं," नवसी आजी गाण्याच्या मध्येच म्हणाली, आणि ते गाण्यातच बेमालूम बसलं.

बुधवार उजाडला. शेजारची भिंत शेणाने सारवून गेरूने लाल केली होती. बायका जमल्या. पारू नेहमीच्या सवयीने पाट्याजवळ जाऊन बसली, तर तिथे आधीच सपना बसलेली, पीठ वाटून तयार. कुणीतरी पारूच्या हातात बांबूची काडी दिली, पुढचं टोक चावून मऊ केलेली.

भिंतीसमोर उभी राहिल्यावर पारूचा हात हलेना. राखेत चुकलं की तळवा फिरवायचा आणि नव्याने सुरू करायचं, हे तिला पाठ होतं. इथे पुसता येणार नव्हतं. मागे दहा-बारा बायका, आणि त्यांच्यात जिच्या घोड्याचा पाय आखूड झाला होता तीही. पारूला वाटलं, आपण त्या बाईला मनातल्या मनात उगाच बोललो. तिने काडी पिठात बुडवली, परत बुडवली, पिठाचा एक थेंब गेरूवर सांडला.

"देवीपास्नं धर," नवसी आजी मागून म्हणाली. आवाज नेहमीपेक्षा खालचा होता. "बाकीचं आपोआप येतं."

पारूने देवीपासून धरलं. पहिली रेघ थरथरली, दुसरी बरी गेली, तिसरीनंतर तिला मागे कोण आहे ते आठवेना. दुपारचं जेवण कुणीतरी तिला भरवलं. चौकट झाली, वेल झाली, ताडं झाली, त्यांच्यावर चढणारा माणूस झाला, माणसांची रांग नाचू लागली. झिपरू तीन वेळा काहीतरी शोधायच्या निमित्ताने आत आला आणि तिन्ही वेळा बायकांनी त्याला हाकललं. सगळ्यात शेवटी तिने घोडा घेतला. चारही पाय मोजून सारखे.

ऊन उतरलं तेव्हा चौक पुरा झाला. चौक रात्रभर झाकून ठेवतात; त्याच्यावर कापड टाकायच्या आधी धवलेरीने तो बघायचा असतो. नवसी आजी पुढे झाली आणि एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात हळूहळू गेली. नाक भिंतीला लागेल इतकी जवळून बघत होती.  पारूच्या हातावर पीठ वाळून तडे गेले होते.

"घोडा मोटा झालाय," नवसी आजी म्हणाली.

"दोगां बसायचीत त्याच्यावर," पारू म्हणाली.

आजीने आणखी एकदा घोडा पाहिला, मग कापड घेतलं आणि स्वतःच्या हाताने चौकावर टाकलं. दारापर्यंत जाऊन ती थांबली, कमरेची तंबाखूची पिशवी चाचपली आणि मागे न वळता म्हणाली, "पुढच्या बुधवारी खालच्या पाड्यात चौक हाय. सकाळीच ये. पीठ मी वाटून ठेवीन."

पस्तीस वर्षांत करंजपाड्यात नवसी आजीने कुणासाठी पीठ वाटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. पारूने लुगड्याच्या पदराने हात पुसले, एकेक बोट सावकाश.

"बघते," ती म्हणाली. "सवड झाली तर."